दोन दातांच्या खुणा, पण साप नव्हे: येऊरच्या पायथ्याशी झालेला एक कोळीदंश

रुग्ण पुरुष, वय ३४. काम झाडांच्या फांद्या छाटण्याचं, मुकादमाच्या हाताखाली, रोजंदारीवर. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कसली ॲलर्जी नाही. तंबाखू मात्र आहे. मेच्या मध्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याला रिक्षात घालून आमच्या ठाण्यातल्या छोट्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणलं. डाव्या कोपराखाली गमछा इतका करकचून आवळला होता की बोटं जांभळी पडायला लागली होती. सोबत मुकादम, आणि त्याचं एकच पालुपद: "मॅडम, साप चावलाय. आधी लस टोचा, बाकी मागून बघा."

(ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

घटना

पावसाच्या आधी ठाण्यात सगळीकडे हीच लगबग असते. सोसायट्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढतात, मुकादम माणसं लावतात, आणि उपवन, वर्तकनगरपासून पार घोडबंदरपर्यंत करवती सुरू होतात. ही सोसायटी येऊरच्या डोंगराला अगदी खेटून. मागच्या कुंपणाशी एक जुना आंबा, आणि कुंपणापलीकडे लगेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान. आंब्याच्या बुंध्याला डोक्याच्या वरच्या उंचीवर एक खोल ढोली होती. फांदी उतरवून झाल्यावर रुग्ण दोराने खाली येत होता. आधारासाठी त्याने डावा हात ढोलीच्या काठावर टाकला आणि बोटं आत गेली. हातात मोजे नव्हते. असा मोजा या कामात मी तरी क्वचितच पाहिला आहे.

"दोन सुया एकदम खुपसल्यागत झालं," तो म्हणाला. हात झटकला, दोर सुटला, शेवटचे चार-पाच फूट तो घसरत खाली आला. काय दिसलं, यावर मात्र दोघांचं जमत नव्हतं. रुग्ण म्हणत होता, "पाय दिसले मला, केसाळ." खाली उभा असलेला मुकादम म्हणत होता, "लांबडं काहीतरी आत सरकलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मुकादमाचा आवाज मोठा होता आणि रिक्षाचे पैसे त्यानेच दिले होते, त्यामुळे केसपेपरवर सुरुवातीला "सर्पदंश?" असंच लिहिलं गेलं. ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचं होतं.

पहिले दोन तास

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागावर दोन छिद्रं होती, एकमेकांच्या शेजारी, साधारण सेंटीमीटरभर अंतरावर. दोन्हींतून थोडं रक्त येऊन वाळलं होतं. भोवती लाली, सूज मनगटापर्यंत, आणि दुखणं इतकं की हात टेकवू देईना.

दोन खुणा म्हणजे साप, हे आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते दोन्हीकडून चुकीचं आहे. मण्यारीचा दंश कित्येकदा शोधूनही सापडत नाही. उलट टॅरंटुला गटातल्या मोठ्या कोळ्याचे दात वरून खाली, समांतर, कुदळीसारखे रुततात, म्हणून त्यांच्या खुणा शेजारी-शेजारी आणि ठळक उमटतात. घरात दिसणाऱ्या इतर कोळ्यांचे दात चिमट्यासारखे समोरासमोर येतात आणि बारीक असतात. त्यांची खूण बहुधा दिसतच नाही. तेव्हा या माणसाच्या हातावरच्या दोन खुणा दोन्ही बाजूंनी साक्ष देत होत्या.

सलाईनची सुई लावली, गमछा हळूहळू सैल केला, बोटांत रक्त परत येतंय ना ते पाहिलं. मग लक्षात आलं की तर्जनीत तांब्याची अंगठी आहे आणि सूज तिच्यावर चढते आहे. साबणाने सरकेना. सिस्टरनी टाके घालायचा रेशमी दोरा घेतला, त्याचं एक टोक अंगठीखालून घातलं, उरलेला दोरा अंगठीपासून नखाच्या दिशेने बोटावर घट्ट, शेजारी-शेजारी गुंडाळत नेला आणि मग खालचं टोक धरून उलट्या बाजूने उलगडायला सुरुवात केली. दोरा सुटत गेला तशी अंगठी त्याच्यावरून पुढे सरकत आली. कुठल्याही दंशात हाताला अंगठी, कडं, घड्याळ असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत काढायचं. सूज वाढल्यावर तेच आवळणाऱ्या दोरीचं काम करतं.

जखम साबणाच्या पाण्याने धुतली, हात उशीवर उंच ठेवला, कापडात गुंडाळून बर्फ लावला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पॅरासिटामॉल सलाईनमधून सोडलं. नाडी १०४, रक्तदाब १३६/८४, श्वास नीट.

साप आहे असं धरूनच तपासणी केली, कारण सापाला कोळी समजणं हीच खरी महागात पडणारी गल्लत आहे. रात्री झोपेत "काहीतरी चावलं, कोळी असेल" म्हणून कूस बदलणारा माणूस पहाटे पोट दुखतं म्हणतो, मग त्याच्या पापण्या जड होतात. ती मण्यार असते. त्यामुळे "छताकडे बघा, पापणी खाली आणू नका" हे दर अर्ध्या तासाने चाललं. पापण्या पडत नव्हत्या, गिळता येत होतं, मान उचलता येत होती. रक्त गोठतंय का हे पाहायला शिरेतलं २ मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे आणि तितक्याच सहज बिघडते: नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही, आणि मध्येच कुणी "गोठलं का?" म्हणून वाकडी करून पाहिली की गेलीच. सिस्टरनी नळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिच्यापुढे स्वतः उभ्या राहिल्या. रक्त घट्ट गोठलं. ठरावीक वेळाने पुन्हा केली, पुन्हा गोठलं.

आता मुकादमाच्या जोडीला रुग्णाची बायको आणि मेहुणाही आले होते. मेहुण्याचा सवाल सरळ होता: "कपाटात लस आहे ना? मग ठेवून काय करताय?"

उत्तर द्यायला मी बसले, कारण हे उभ्या-उभ्या सांगायचं नसतं. सर्पदंशावरची आपल्या देशातली लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, आणि काही माणसांना तिची इतकी तीव्र रिॲक्शन येते की रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. सापाच्या विषाने रक्त गोठेनासं झालं असेल किंवा पापण्या पडत असतील तर हा धोका पत्करायलाच हवा, आणि तेव्हा एक मिनिट दवडायचं नसतं. पण अंगात विष चढल्याची कोणतीही खूण नसताना नुसत्या संशयावर ती देणं म्हणजे निरोगी माणसाला फुकटचा धोका. शिवाय येऊरच्या झाडावर हमखास भेटेल असा विषारी साप म्हणजे हिरवा चापडा, आणि त्याचं विष या लशीत धरलेलंच नाही. मेहुण्याला सगळं पटलं असं नाही. पण "दर अर्ध्या तासाने बघतेय, जरा जरी काही दिसलं तर लगेच देईन" हे पटलं.

फोटो

पावणेआठला साईटवर मागे राहिलेल्या पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तो बिचारा माणसाला रिक्षात बसवून परत झाडापाशी गेला होता आणि मोबाईलचा टॉर्च लावून ढोलीत डोकावला होता. (हे धाडस कुणी करू नये. पण त्याने ते केलं नसतं तर पुढची रात्र आमच्यासाठी फार वेगळी गेली असती.)

फोटोत ढोलीच्या काठावर, सालीवर चपटा बसलेला, तळहाताएवढा राखाडी कोळी. पाठीवर गुंतागुंतीची नक्षी, आणि पुढचे दोन पाय वर उचललेले. उचललेल्या पायांची खालची बाजू हळदीसारखी पिवळीधमक. पिसिलोथेरिया हा झाडावर राहणारा टॅरंटुला, आणि हा पिवळा रंग म्हणजे त्याने दिलेली ताकीद. कोळ्यांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकाला फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: गट नक्की पिसिलोथेरिया, आपल्या भागात धरायचा तर रेगॅलिस, पण जात छातीठोक सांगायची तर पोटाखालचा पट्टा पाहावा लागेल. "आणि कृपया ढोली जाळू नका," अशी पुस्ती.

या कोळ्याबद्दल दोन गोष्टी उपयोगाच्या. तो जुन्या झाडांच्या ढोलीत, सालीच्या फटीत दिवसभर दडून राहतो आणि रात्री बाहेर येतो. माणसाच्या मागे लागत नाही. आणि अमेरिकेतल्या टॅरंटुलांसारखे अंगावरचे खाजरे केस उडवून शत्रूला पळवायची सोय त्याच्याकडे नाही. कोंडीत सापडला की तो चावतो. परदेशात हौशी लोक त्याला रंगासाठी पाळतात, त्याच्या व्यापारावर बंधन यावं म्हणून २०१९ साली हा सगळा गट साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला. या गटाच्या दंशांबद्दल जे काही नीट लिहून ठेवलं गेलंय, त्यातलं बरंचसं अशा पाळणाऱ्यांच्या हातांवरूनच आलं आहे.

त्या नोंदी सांगतात त्यातली कामाची गोष्ट ही: दंशानंतर आधी जागेवर दुखणं आणि सूज. मग माणूस बरा वाटायला लागतो. आणि काही तास उलटल्यावर, अनेकदा दुसऱ्या दिवशी, निम्म्याहून अधिक रुग्णांना स्नायूंचे पेटके सुरू होतात. चावलेला हात सोडून पायात, पोटात, छातीत. मृत्यूची खात्रीलायक नोंद नाही, पण पेटके इतके जबर की रुग्णालयात ठेवावं लागतं.

फोटो पाहून वॉर्डात एकदम हायसं वाटलं. मघाशी लशीसाठी हातघाईवर आलेला मेहुणा आता चपला शोधत होता. "कोळीच ना? मग काय, सोडा. उद्या येतो दाखवायला." रुग्णाचंही तेच. दुखणं निम्मं झालं होतं, सूज मनगटावर थांबली होती, आणि रात्रीच्या खाटेचे पैसे कोण भरणार हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

या प्रकरणातला खरा निर्णय इथे होता. ओळख पटल्याने आमच्या हाती नवं औषध काही आलं नाही, कारण या कोळ्याच्या विषावर जगात कुठेही लस नाही. मिळालं ते वेळापत्रक. सहा वाजता चावल्यावर नऊ वाजता बरं वाटणं हे या दंशात बरं होण्याचं लक्षण नव्हे. साप नाही हे कळल्यावर सुटका झाली असं वाटतं आणि माणूस नेमका चुकीच्या वेळी घरी जातो. मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं: पहाटे हातपाय वळायला लागले तर घोडबंदरवरून रिक्षा मिळेल का? ती म्हणाली, "राहू दे त्यांना." मुकादमाने कुरकुर करत पैसे भरले.

पहाट

साडेतीनला आरएमओचा, म्हणजे निवासी डॉक्टरचा, फोन. अंगठा तळहातात ओढला जातोय, पोटऱ्यांना गोळे येतायत, रुग्ण ओरडतोय.

मी पोचले तेव्हा त्याच्या डाव्या पोटरीचा स्नायू कातडीखाली लिंबाएवढा उभा राहिला होता. दाबला तर दगड. अर्ध्या मिनिटाने सैल पडे, मग मांडी धरे, मग पोट. पोटाची भिंत इतकी ताठ की नवशिक्या डॉक्टरने सर्जनला बोलावलं असतं. मध्येच छाती आवळल्यासारखी वाटे आणि तो मेलोच म्हणे. घाम फुटलेला, नाडी ११८, रक्तदाब १५०/९२. शुद्ध पूर्ण.

आरएमओने धनुर्वाताची शंका काढली, आणि ती काढणं बरोबरच होतं: हाताला जखम, आणि अंग वळतंय. पण धनुर्वाताला जखमेनंतर काही दिवस लागतात, दहा तासांत तो होत नाही. आणि इथे जबडा व्यवस्थित उघडत होता. घशाच्या मागच्या भिंतीला चमचा लावल्यावर जबडा मिटण्याऐवजी त्याला ओकारी आली, म्हणजे तीही पारख ठीक. मण्यारीच्या विषाने स्नायू ढिले पडतात, इथे उलट होतं. रक्तातलं कॅल्शियम मागवलं, नेहमीसारखं आलं. ईसीजी स्वच्छ. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक, ६४० आला. थोडा वाढलेला, घाबरण्याइतका नाही. तरी लघवीच्या रंगावर नजर ठेवायला सांगितलं, कारण पेटके फार चालले तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते.

स्नायू सैल करणारं डायझेपाम ५ मिलिग्रॅम शिरेतून, हळूहळू, बोट नाडीवर आणि डोळा श्वासावर ठेवून. सलाईन वाढवलं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल अगदी कमी मात्रेत, कारण ही दोन औषधं एकत्र दिली की झोप आणि श्वास दोन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं. ऑक्सिमीटर बोटाला होताच. पोटऱ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या. वीस मिनिटांत पेटक्यांमधलं अंतर वाढलं. सहाच्या सुमारास तो झोपला. दुपारपर्यंत आणखी दोनदा औषध द्यावं लागलं, मग गोळीवर भागलं. सीपीके दुसऱ्या दिवशी उतरणीला लागला. एकूण दोन दिवस आणि दोन रात्री त्याला ठेवला.

काय दिलं नाही

या यादीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे काहीही चावलं की एविल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) टोचायची पद्धत पडली आहे. रुग्णाला "इंजेक्शन मिळालं" याचं समाधान, डॉक्टरला काही केल्याचं. ॲलर्जीची लक्षणं असतील, म्हणजे अंगभर गांधी, ओठ सुजणं, घरघर, तर त्याचा विचार करायचा, आणि खरी जीवघेणी रिॲक्शन असेल तर मांडीत ॲड्रिनलिन हेच पहिलं औषध. इथे यातलं काही नव्हतं, म्हणून दिलं नाही. अँटिबायोटिकही नाही: पहिल्या दिवसाची सूज विषाची असते, पू झाल्याची नव्हे. जखमेकडे रोज पाहिलं, ती कोरडी राहिली. चिरा देणं, रक्त पिळून काढणं, जखमेवर चुना, हळद, तंबाखू लावणं यांतलं त्याच्या नशिबाने कुणी काही केलं नव्हतं.

चिरा देण्याबद्दल एक जुनी गोष्ट आठवते. २०१२ साली आसामात सादियाला टॅरंटुलासारख्या कोळ्यांनी लोकांना चावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या आणि दोन मृत्यू त्यांच्या खात्यावर टाकले गेले. पण त्या माणसांना आधी मांत्रिकाकडे नेऊन ब्लेडने चिरलं होतं, आणि मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे कधीच सिद्ध झालं नाही. बातमीतला कोळी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

बाकीचे कोळी

रुग्णाच्या मेहुण्याने दुसऱ्या दिवशी मला मोबाईलवर एक फॉरवर्ड दाखवला: संडासाच्या सीटखाली बसणारा, चावला की माणूस मरतो असा कोळी. हा फॉरवर्ड वीसेक वर्षं जुना आहे. त्यात ज्याचा फोटो फिरतो ती टेलामोनिया नावाची उड्या मारणारी निरुपद्रवी जात आहे. सोसायट्यांच्या बाथरूममध्ये रात्री भिंतीवर दिसणारा पंजाएवढा चपटा कोळी, ज्याची मादी पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरते, तोही झुरळं खाऊन जगतो. उगाच अंगावर येत नाही.

जगात कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि माणसाला खरोखर घातक अशा मोजक्याच. ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेबवर १९८१ साली लस आली आणि त्यानंतर तिथे त्याने कुणी दगावल्याची नोंद नाही. विधवा कोळी (भारतातही त्यांच्या नोंदी आहेत) मज्जातंतूंच्या टोकांवर घाला घालतात: तासाभरात दुखणं चावल्या जागेवरून वर चढतं, घाम फुटतो, पोट ताठ होतं, रक्तदाब चढतो. उपचार दुखणं कमी करण्याचा आणि स्नायू सैल करण्याचा. एके काळी सरसकट दिलं जाणारं कॅल्शियम आता मागे पडलं आहे. लशीबद्दलही तज्ज्ञांचं एकमत नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडबॅकच्या (तिथल्या विधवा कोळ्याच्या) लशीचा फायदा नुसत्या वेदनाशामक उपचारापेक्षा ठळक दिसला नाही.

तिसरा प्रकार रिक्लुझ. हा चावताना फारसं दुखत नाही. काही तासांनी जागा पांढरी-निळी पडते, भोवती लाली, मग मधोमध काळा खड्डा. क्वचित रक्तातल्या पेशी फुटून लघवी काळपट होते, आणि तो मात्र तातडीचा मामला. जखम स्वच्छ ठेवायची, कापाकापीची घाई करायची नाही. पण काळा व्रण दिसला की कोळी, हे समीकरण सर्वांत जास्त फसवतं. ऑस्ट्रेलियात इस्बिस्टर आणि ग्रे या संशोधकांनी खात्रीशीर अशा ७५० दंशांचा पाठपुरावा केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक वेळी चावणारा कोळी पकडून तज्ज्ञाने ओळखलेला होता. एकालाही सडणारा व्रण झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत २,०५५ रिक्लुझ सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्या घरातल्या कुणाला विषबाधा झाली नव्हती.

भारतात कोळ्याच्या विषावरची लस बनत नाही. विंचवाची मात्र आहे. आणि लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही साधी गोळी जीव वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांवर दाखवून दिलं. कोळी आणि विंचू दोघेही आठ पायांचे म्हणून त्यांचे उपचार एकात मिसळू नयेत: आमच्या रुग्णाला कुणीतरी वाटेत प्राझोसिन घ्यायला सुचवलं होतं, त्याचा इथे काहीच उपयोग नव्हता.

सुट्टी आणि पुढे

घरी सोडताना त्याने एकच विचारलं: "कामावर कधी जाऊ?" पेटके दोन-तीन आठवडे अधूनमधून येऊ शकतात, आणि झाडावर असताना पोटरीला गोळा आला तर कोळ्यापेक्षा जमीन जास्त लागेल. पंधरा दिवस झाडावर चढायचं नाही असं लिहून दिलं. डिस्चार्ज कार्डवर "झाड छाटणीचे काम करताना दंश" ही ओळ मुद्दाम ठळक लिहिली. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा होता, २०२५ साली त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कामावर झालेल्या इजेने माणूस तीन दिवसांपेक्षा जास्त काम करू शकला नाही तर त्याला दाद मागता येते, आणि तेव्हा डॉक्टरच्या कागदावर काय लिहिलंय याला किंमत असते. मुकादमाने ती ओळ दोनदा वाचली, आणि पाच दिवसांची मजुरी कागदावर सही घेऊन दिली. उरलेल्या दिवसांचं घोंगडं भिजतच राहिलं.

आठव्या दिवशी तपासायला आला तेव्हा सूज गेली होती, खुणांवर खपली होती, मुठीची ताकद दोन्ही हातांत सारखी. जिना चढल्यावर रात्री पोटऱ्या आखडत होत्या. तिसऱ्या आठवड्यात तेही थांबलं. आंबा तसाच आहे, ढोलीला सोसायटीने हात लावला नाही. कीटकनाशक फवारायचा ठराव आला होता, अभ्यासकाने येऊन समजावल्यावर तो मागे पडला.

बातमी मात्र पसरली, आणि त्या पावसाळ्यात "कोळी चावला" म्हणून आमच्याकडे रांग लागली. मानेवर, कोपराच्या घडीत फटका मारल्यासारखे जळजळीत, फोडांनी भरलेले पट्टे घेऊन आलेले सर्वांत जास्त. घरोघरी याला कोळी मुतला म्हणतात. तो असतो ट्यूबलाईटवर येणारा नारिंगी-काळा बारीक भुंगेरा. झोपेत अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. साबणाने धुवायचं, थंड पट्ट्या, साधं स्टेरॉइड मलम. एका मधुमेही काकांचं "कोळ्याचं गळू" हे साधं पू झालेलं गळू निघालं, ते फोडून निचरा केला आणि त्यांची साखर ३४० होती तिच्याकडे लक्ष दिलं.

पाऊस सरताना आलेला तिसरा रुग्ण वेगळा होता. त्याच परिसरातला वॉचमन, सहा दिवस ताप, डोकं ठणकतंय, आणि कमरपट्ट्याखाली नखाएवढी काळी खपली, जी दुखत नव्हती. "कोळी चावलाय, मलम लावतोय," तो म्हणाला. कोळी त्याने पाहिला नव्हता, दुपारी कुंपणाशी गवतात आडवा व्हायची सवय मात्र होती. न दुखणारी काळी खपली आणि ताप, तेही पावसाळ्याच्या शेवटी, गवताळ भागात: गोचिडीच्या जातीतल्या सूक्ष्म किड्याच्या पिल्लाकडून होणारा स्क्रब टायफस. वेळेवर ओळखला नाही तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरतो. रक्त तपासणीला पाठवलं, पण निकालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. तपासणीचा निकाल त्यानंतर आला, पॉझिटिव्ह.